स्वतंत्र मंडळीत सभासद कसे घ्यावेत आणि पाळकाला दीक्षा कशी द्यावी

सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) सारख्या मोठ्या चर्चमध्ये बिशप असतो, त्याच्या अधिकाराखालचा धर्मप्रांत असतो. दीक्षा (म्हणजे हात ठेवून पाळकपदावर विधिवत नेमणूक) कोणाला मिळेल, पाळक कुठे जाईल, भांडण झाले तर कोण मिटवेल, हे वर ठरलेले असते. पंधरा-वीस कुटुंबांच्या, भाड्याच्या हॉलमध्ये उपासना करणाऱ्या स्वतंत्र मंडळीच्या डोक्यावर असे कोणी नसते. त्यामुळे जे काम धर्मप्रांताची कचेरी करते ते इथे घटना (मंडळीची लेखी नियमावली), रजिस्टर आणि ठरावाची वही या तीन गोष्टींना करावे लागते. माणसे भक्तिमान असली तरी या तिन्हींत ढिलाई झाली की दहा वर्षांनी मंडळी कोर्टात उभी राहते.

सुरुवात घटनेपासून करा. महाराष्ट्रात बहुतेक मंडळ्या १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली (किमान सात जण लागतात) आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदतात. विश्वस्त व्यवस्था स्थापन झाल्यापासून तीन महिन्यांत धर्मादाय कार्यालयात अर्ज करायचा असतो. घटना करताना दुसऱ्या संस्थेची छापील प्रत उतरवून नावे बदलण्याची पद्धत पडली आहे, ती सोडा. त्या प्रतींत विश्वस्त, सभा, हिशेब हे सगळे असते, पण सभासद कोणाला म्हणायचे आणि दीक्षा कोण देणार याचे एक अक्षरही नसते. ही दोन कलमे स्वतः बसून लिहा.

सभासदाच्या कलमात पहिला प्रश्न बाप्तिस्म्याचा. लहानपणी दिलेला बाप्तिस्मा तुम्ही मानता की नाही, ते स्पष्ट लिहा. मानत असाल, तर मोठ्या चर्चमधून आलेल्या माणसाला फक्त विश्वासाची जाहीर कबुली द्यावी लागेल. मानत नसाल, तर पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यावा लागेल. हे न लिहिल्यामुळे एका पाळकाच्या काळात एक रीत आणि दुसऱ्याच्या काळात दुसरी असे होते. मग घरात सासू सभासद, सून मात्र नाही, अशी अवघड परिस्थिती येते आणि दुखावलेली माणसे मंडळी सोडतात.

मंडळीत येण्याचे मार्ग तीनच ठेवा: बाप्तिस्मा, दुसऱ्या मंडळीचे शिफारसपत्र, आणि जाहीर कबुली. शिफारसपत्र आणतो म्हणणाऱ्याला मुदत द्या, आणि पत्र आले नाही तर आधीच्या पाळकाला स्वतः फोन करा. तो माणूस तिथे शिस्तीखाली असेल, म्हणजे मंडळीने त्याच्यावर कारवाई केलेली असेल, तर ते आत्ताच कळलेले बरे.

नव्याने विश्वास ठेवलेल्या प्रौढाला निदान बारा आठवडे शिक्षण द्या. अर्ज त्याच्याच अक्षरात आणि त्याच्याच भाषेत असावा: मी स्वखुशीने, कोणत्याही आमिषाशिवाय किंवा दबावाशिवाय मागत आहे, एवढे पुरे. अठरा वर्षांखालील मुलासाठी आई आणि वडील दोघांची सही घ्या. राज्याराज्यांत धर्मांतराचे कायदे वेगळे आहेत आणि ते बदलत असतात, म्हणून बाप्तिस्म्याआधी त्या वेळी लागू असलेला कायदा वकिलाकडून पाहून घ्या. मध्य प्रदेशच्या २०२१ च्या कायद्यानुसार धर्म बदलणारा आणि विधी करणारा या दोघांनाही ६० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावे लागते. सीमेपलीकडे बाप्तिस्म्यासाठी जाणाऱ्या विदर्भातल्या मंडळ्यांनी हे विसरू नये.

याच शिक्षणात एक गोष्ट सांगायलाच हवी आणि ती सांगायला बरेच पाळक कचरतात. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच मिळतो. त्यामुळे ख्रिस्ती झाल्यावर अनुसूचित जातीचा दाखला आणि त्यावरच्या सवलती राहत नाहीत. अनुसूचित जमातीला धर्माची अशी अट नाही. मुलाची शिष्यवृत्ती गेल्यावर हे कळलेले कुटुंब मंडळीवर रागावते, आणि त्यांचा राग बरोबर असतो. आधी सांगा, विचाराला वेळ द्या, आणि सांगितल्याची नोंद ठेवा.

सभासद रजिस्टर कुटुंबावार ठेवू नका, माणसावार ठेवा. कुटुंबाच्या कार्डाने घरभेटी सोप्या होतात, पण मतदानाच्या दिवशी ‘आमच्या घरचे सहा’ म्हणजे नेमके कोण, यावरून वाद होतो. रकाने असे आखा: अनुक्रमांक, पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, बाप्तिस्म्याची तारीख व ठिकाण, बाप्तिस्मा देणाऱ्याचे नाव, प्रवेशाचा मार्ग, पंचांच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) ठरावाचा क्रमांक व तारीख, आणि शेवटी नाव कमी झाल्याची तारीख व कारण. शेवटचा रकाना बहुतेक वह्यांत नसतो. त्यामुळे मुंबईला स्थायिक झालेली, वारलेली, दुसऱ्या मंडळीत गेलेली माणसे वर्षानुवर्षे सभासदच राहतात, गणसंख्या कधी पुरी होत नाही आणि प्रत्येक सभा तहकूब होते. पाने आधी क्रमांक घालून शिवून घ्या. चूक झाली तर खाडाखोड नको, व्हाइटनर तर मुळीच नको. एक रेघ मारा, शेजारी बरोबर मजकूर लिहा, पाळक आणि सचिवांनी तारखेसह सही करावी. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचे नाव शाळेच्या दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळवून लिहा.

मताचा हक्क लगेच देऊ नका. अठरा वर्षे पुरी आणि सभासदत्वाला किमान एक वर्ष, ही अट घटनेत घाला. निवडणुकीच्या आधीच्या महिन्यात अचानक वाढणारी सभासदसंख्या याने थांबते.

आता दीक्षा. नव्या करारात तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आणि तीताला लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात अध्यक्षाचे व वडिलांचे (म्हणजे मंडळीतल्या ज्येष्ठ पुढाऱ्यांचे) गुण दिले आहेत. नवशिक्याला नेमू नये आणि हात ठेवण्याची घाई करू नये, या दोन्ही सूचनाही तीमथ्याच्याच पत्रात आहेत. छोट्या मंडळीत घाईचे कारण बहुधा एकच असते: जुने पाळक गेलेले असतात आणि रविवार तर दर आठवड्याला येतो. अशा वेळी त्या भावाला किंवा बहिणीला उपदेशक म्हणून नेमा, दीक्षा थांबवा.

उमेदवाराने दोन वर्षे एखाद्या अनुभवी पाळकाच्या हाताखाली काम करावे: उपदेश, घरभेटी, आजाऱ्यांकडे जाणे, दफनविधीला सोबत. शिक्षणाला सेरामपूरच्या बी.डी. (ख्रिस्ती ईश्वरविद्येची पदवी) चा किंवा पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीसारख्या संस्थेचा आधार असला तर उत्तम. पदवीची अट मात्र प्रत्येक मंडळीला झेपत नाही. मग लेखी परीक्षा घ्या: शास्त्र, विश्वासाचे सिद्धान्त, मंडळीचा इतिहास, आणि तुमची स्वतःची घटना.

त्यानंतर परीक्षक मंडळ. यात आपल्या पंचांशिवाय बाहेरच्या मंडळ्यांचे तीन दीक्षित पाळक हवेतच. खर्च प्रवासभाड्याचा आणि जेवणाचा, पण फायदा मोठा. आपल्याच माणसांनी आपल्याच माणसाला दिलेली दीक्षा शेजारची मंडळी मानत नाही. ज्यांच्या पाळकांनी प्रश्न विचारले ती मानते. मंडळासमोर उमेदवाराने आपला विश्वास आणि पाचारण (देवाने या सेवेला बोलावले ही जाणीव) बोलून दाखवावे. कर्जबाजारीपणा, आधीच्या मंडळीतले हिशेब, घरातले वातावरण यावर तोंडावर विचारा. संकोच केलात तर तेच प्रश्न पुढे मंडळीच्या अंगावर येतात.

मग सर्वसाधारण सभा, गुप्त मतदान, दोन-तृतीयांश बहुमत. एकमताची वाट पाहू नका, पण एका मताच्या फरकावर कोणालाही पाळक करू नका.

दीक्षाविधीचा क्रम साधा असावा. शास्त्रवाचन, उमेदवाराला प्रश्न, मग मंडळीला प्रश्न: तुम्ही याला पाळक म्हणून स्वीकारता का? हा दुसरा प्रश्न गाळू नका, स्वतंत्र मंडळीत अधिकार तिथूनच येतो. उमेदवार गुडघे टेकतो, दीक्षित पाळक आणि मंडळीचे वडील त्याच्या डोक्यावर हात ठेवतात, एकच जण प्रार्थना करतो. नंतर पवित्र शास्त्र हाती देणे, उजव्या हाताची सहभागिता (हात हातात घेऊन सेवेत सामील करून घेणे), उमेदवाराला आणि मंडळीला बोध. हात कोण ठेवणार त्यांची नावे आदल्या दिवशी ठरवा. देणगीदार किंवा नगरसेवक यांना त्यात ओढू नका. त्यांचा सत्कार विधी संपल्यावर करता येतो. दीक्षापत्रावर ठराव क्रमांक, तारीख, स्थळ आणि हात ठेवणाऱ्या पाळकांच्या सह्या घ्या. पाळक विश्वस्तही होणार असतील तर ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्या.

सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. दीक्षा मिळाली म्हणजे लग्न लावण्याचा अधिकार मिळाला, असे नाही. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार बिशपकडून दीक्षा मिळालेल्यांना आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे लग्न लावता येते. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाला राज्य सरकारचा परवाना लागतो. कलम ६ चा परवाना लग्न लावण्याचा, कलम ९ चा भारतीय ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचा दाखला देण्याचा. कलम ९ चा परवाना नावाने किंवा पदाच्या नात्याने मिळू शकतो. आपला कोणता ते वाचून पाहा, कारण नावाचा असेल तर पाळक बदलताच तो निरुपयोगी होतो. अधिकार नसताना लग्न लावल्यास कलम ६८ खाली दहा वर्षांपर्यंत कैद आहे. परदेशी संकेतस्थळावरून मागवलेल्या दीक्षापत्राला इथे काहीच किंमत नाही.

परवाना येईपर्यंत लग्न परवानाधारक पाळकाकडून किंवा विवाह निबंधकांपुढे लावा, आणि आपल्या पाळकांनी उपदेश व आशीर्वादाची प्रार्थना करावी. परवाना आल्यावर वेळ सांभाळा: या कायद्याखालचे लग्न सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेतच लागले पाहिजे, पाळकाखेरीज निदान दोन साक्षीदार हवेत. बँड आणि वरात लांबते, म्हणून पत्रिकेवर चारची वेळ छापा.

पाळक निरोप घेतील त्या दिवशी सगळी रजिस्टरे, न वापरलेले दाखले आणि शिक्का यांची यादी करून, दोन पंचांच्या सह्यांनी ताब्यात घ्या. निरोपसमारंभ त्यानंतर.