ब्रिटनमध्ये नोकरीसाठी स्वखर्चाने घेतलेल्या हत्यारांवर कर सवलत कशी मागावी

ब्रिटनमधील मोटार गॅरेज, बांधकाम किंवा केशकर्तन यांसारख्या व्यवसायांत कामगाराने स्वतःची हत्यारे घेऊन यावे, अशी अपेक्षा असते आणि हा खर्च त्याच्या पगारातूनच होतो. अशा खर्चावर तेथील महसूल खाते, म्हणजे एचएमआरसी, प्राप्तिकरात सवलत देते. मात्र सवलत म्हणजे हत्याराची किंमत परत मिळणे नव्हे. खर्चाची मान्य रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते आणि तेवढ्या रकमेवर भरलेला कर तेवढा वाचतो. १०० पौंडांचा खर्च मान्य झाला, तर २० टक्के दराने कर भरणाऱ्याचे २० पौंड आणि ४० टक्के दराने भरणाऱ्याचे ४० पौंड वाचतात. स्कॉटलंडमध्ये कराचे दर वेगळे असल्याने तेथे हा हिशेब बदलतो. त्या वर्षी कर भरावाच लागला नसेल, तर परत मिळण्यासारखे काही उरत नाही.

सर्वप्रथम आपण पात्र आहोत का, हे तपासावे. पगारावरील प्राप्तिकराच्या २००३ च्या ब्रिटिश कायद्याची कसोटी कडक आहे: खर्च पूर्णपणे, केवळ आणि अपरिहार्यपणे नोकरीची कर्तव्ये पार पाडण्यासाठीच झालेला असावा लागतो. मालकाने सगळे पैसे परत दिले असतील, तर दावा करता येत नाही; काही भाग दिला असेल, तर तेवढी रक्कम वजा करून उरलेल्यावरच सवलत मागावी. मालकाने लॅपटॉप दिलेला असताना केवळ दुसरे मॉडेल आवडते म्हणून घेतलेला लॅपटॉपही यात बसत नाही. ठेकेदार म्हणून स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांचे नियम निराळे आहेत. हा लेख पगारदारांपुरताच आहे.

दुसरी पायरी खर्चाचा प्रकार ओळखण्याची आहे आणि बहुतेक गोंधळ येथेच होतो. कात्री किंवा विजेवर चालणारे ड्रिल यांसारख्या लहान हत्यारांच्या बाबतीत सवलत दुरुस्तीवर आणि जुने हत्यार बदलून नवे घेण्यावर मिळते, पहिल्यांदा केलेल्या खरेदीवर नाही. नव्याने कामाला लागलेल्या तरुणावर, ज्याचा हत्यारांवरचा खर्च सर्वांत जास्त असतो, हा नियम अन्याय करतो असे वाटणे साहजिक आहे; पण नियम तसा आहे. याउलट संगणकासारखे मोठे आणि टिकाऊ साधन कामासाठी आवश्यक म्हणून घ्यावे लागले असेल, तर भांडवली खर्चावरील ‘वार्षिक गुंतवणूक भत्त्या’च्या तरतुदीखाली बहुतेक वेळा त्याच्या पूर्ण किमतीवर सवलत मिळते. साधारणपणे दोन वर्षेही न टिकणाऱ्या वस्तू लहान गटात मोडतात. साधन घरगुती कामासाठीही वापरले जात असेल, तर कामाच्या वापराइतकाच हिस्सा धरावा. गाडी, मोटारसायकल आणि सायकल यांना भांडवली खर्चाची ही तरतूद लागू होत नाही.

लहान हत्यारांसाठी पुढे दोन वाटा आहेत. अनेक व्यवसायांसाठी एचएमआरसीने दरवर्षीची ठरावीक रक्कम निश्चित केली आहे. बांधकामातील सुतारासाठी ती १४० पौंड आणि गॅरेजमधील मोटार मेकॅनिकसाठी १२० पौंड आहे. ही वाट धरल्यास पावत्या जपाव्या लागत नाहीत. प्रत्यक्ष खर्च त्याहून जास्त असेल, तर ठरावीक रकमेऐवजी प्रत्यक्ष खर्चाचा दावा करावा, मात्र त्याच हत्यारांसाठी दोन्ही मागता येत नाहीत. समजा, एखाद्या मेकॅनिकने वर्षभरात झिजलेले पाने आणि सॉकेट बदलण्यावर ३०० पौंड घातले. २० टक्के दराने ठरावीक रकमेतून त्याचे २४ पौंड वाचतील, तर प्रत्यक्ष खर्चातून ६० पौंड. तारीख, वस्तू आणि रक्कम स्पष्ट दिसणाऱ्या पावत्या मात्र त्याच्याजवळ हव्यात. दुकानाच्या छापील पावतीची शाई पुसट होते, म्हणून खरेदीच्याच दिवशी तिचे छायाचित्र काढून ठेवणे शहाणपणाचे.

दावा करण्यासाठी पी-८७ हा अर्ज भरावा. नॅशनल इन्शुरन्स (तेथील सामाजिक विमा) क्रमांक, मालकाचा पीएवायई, म्हणजे पगारातून कर कापण्याच्या पद्धतीचा, संदर्भ क्रमांक (तो पी-६० या मालकाकडून मिळणाऱ्या वार्षिक पगार-कर दाखल्यावर छापलेला असतो) आणि आपल्या कामाचे नेमके पदनाम हाताशी ठेवावे. वर्षाचा एकूण खर्च २,५०० पौंडांपेक्षा जास्त असेल किंवा आपण आधीपासूनच सेल्फ असेसमेंट, म्हणजे स्वतः कर मोजून द्यायचे, विवरणपत्र भरत असाल, तर पी-८७ न भरता त्या विवरणपत्रातूनच दावा करावा. हे काम करून देणारे मध्यस्थ परताव्यातील हिस्सा कापून घेतात. एचएमआरसीकडे थेट केलेल्या दाव्याला कोणतेही शुल्क नाही आणि अर्ज इतका अवघड नाही की त्यासाठी परताव्यावर पाणी सोडावे.

जुन्या वर्षांचा दावाही करता येतो. तेथील करवर्ष ६ एप्रिलला सुरू होऊन ५ एप्रिलला संपते आणि ते संपल्यापासून चार वर्षे मुदत असते. म्हणजे २०२२–२३ या वर्षासाठी ५ एप्रिल २०२७ पर्यंत. प्रत्येक वर्षाचा खर्च त्या त्या वर्षातच दाखवावा.

चालू वर्षाचा दावा मान्य झाला की बहुधा धनादेश येत नाही, तर मालकाने पगारातून किती कर कापायचा हे ठरवणारा कर संकेतांक बदलतो. त्यातील आकडा म्हणजे शेवटचा अंक गाळलेली करमुक्त रक्कम: १२५७एल असलेल्या सुताराचा संकेतांक १४० पौंडांमुळे १२७१एल होतो आणि पगारातून कर थोडा कमी कापला जातो. हा बदल पगारपत्रकावर दिसतो की नाही, ते पाहावे. ठरावीक रक्कम संकेतांकात पुढील वर्षीही चालू राहते. त्यामुळे हत्यारे लागत नाहीत अशा नोकरीत गेल्यास एचएमआरसीला तसे कळवावे, अन्यथा कमी कापलेला कर नंतर भरावा लागतो.