पेटंट वाचायचं कसं? उसाच्या ट्रॉलीपासून एअरबॅगपर्यंत

गाळप हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसानं खच्चून भरलेल्या ट्रॉल्या धावायला लागतात, आणि अभियांत्रिकीच्या कुठल्या ना कुठल्या वर्गात एक कल्पना डोकं वर काढते: ट्रॉली कलंडायला लागली की ट्रॅक्टरवाल्याला आधीच इशारा देणारा सेन्सर. कल्पना चांगली आहे. पण "याचं पेटंट आधीच कुणाकडं असेल का?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण ऐकीव माहितीवर देतात. खरं उत्तर घरबसल्या, एक रुपया न घालवता शोधता येतं.

आधी स्वतःला विचारा, तुम्हाला नेमकं काय हवंय. "ही वस्तू मी बनवून विकू शकतो का?" हा एक प्रश्न आणि "मला तिचं पेटंट मिळेल का?" हा दुसरा. पहिल्यासाठी फक्त भारतात मंजूर झालेली, आज जिवंत असलेली पेटंटं बघायची. अमेरिकेत पेटंट आहे पण भारतात नाही, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखानदाराला ती वस्तू इथं बनवून इथंच विकायला ते आडवं येत नाही. दुसऱ्या प्रश्नासाठी मात्र जगभरात कुठंही छापलेलं सगळं मोजलं जातं: मेलेली पेटंटं, शोधनिबंध, यूट्यूबवरचा व्हिडिओसुद्धा. या दोन प्रश्नांची गल्लत झाली की पुढचं सगळं वाचन वाया.

पायरी १ : शोधायचं कुठं

गूगल पेटंट्स, युरोपीय पेटंट कार्यालयाचं एस्पेसनेट आणि भारतीय पेटंट कार्यालयाचं इनपास, ही तिन्ही फुकट आहेत. अडचण असते शब्दांची. पेटंट लिहिणारे 'ट्रॉली' लिहीत नाहीत, 'टोड व्हेइकल' लिहितात. कलंडण्याला 'रोलओव्हर' म्हणतात, आणि हालचाल टिपणारा सेन्सर 'इनर्शियल' असतो. म्हणून वर्गीकरणाचा आधार घ्या: प्रत्येक पेटंटावर विषयानुसार ठरलेल्या वर्गाचं चिन्ह असतं. वाहनातल्या प्रवाशांच्या सुरक्षेची साधनं बी६०आर या वर्गात येतात, वाहनांचे दिवे-इशारे बी६०क्यूमध्ये, वेग आणि त्वरण मोजणारी साधनं जी०१पीमध्ये. कापड विणायच्या मागाशी संबंधित काही डोक्यात असेल तर डी०३डी बघा. तुमच्या कल्पनेच्या जवळपास जाणारं एक पेटंट सापडलं की त्याच्या पहिल्या पानावरचा वर्ग उचला, त्यानं कुणाचा दाखला दिलाय आणि त्याचा दाखला पुढं कुणी दिलाय ते बघा. हाताला लागणाऱ्या कामाच्या गोष्टी बहुधा या साखळीतूनच येतात.

पायरी २ : पहिलं पान

अमेरिकन कागदाच्या क्रमांकाशेवटी 'ए' असेल तर तो फक्त छापलेला अर्ज, 'बी' असेल तर मंजूर पेटंट. (२००१ च्या आधीच्या मंजूर पेटंटांवरही 'ए' दिसतो, तिथं फसू नका.) भारतीय अर्जाचा क्रमांक बारा आकडी असतो. पहिले चार आकडे वर्षाचे, पाचवा कार्यालयाचा, सहावा अर्जाच्या प्रकाराचा. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडं जातात, म्हणून सोलापुरातून केलेल्या साध्या अर्जात वर्षानंतर '२१' दिसतं.

मग तारखा. भारतात पेटंट अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं चालतं, मंजुरीपासून नव्हे. तारीख काय करते, हे जॉन हेट्रिक या अमेरिकन गृहस्थाला विचारायला हवं होतं. गाडीतल्या हवेच्या उशीचं पेटंट त्यांना १९५३ मध्ये मिळालं, क्रमांक २६४९३११ (शोधताना इंग्रजी आकडे वापरा). गाडी एकदम थांबली की स्प्रिंगला धरलेलं एक वजन पुढं सरकतं, झडप उघडते आणि दाबाखालची हवा उशीत शिरते, अशी त्यांची योजना. तेव्हा अमेरिकेत मुदत मंजुरीपासून १७ वर्षं होती. एअरबॅगवाल्या गाड्या बाजारात आल्या त्या १९७० च्या दशकात, म्हणजे पेटंट संपल्यावर.

ते सरकणारं वजन मात्र टिकलं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीनं एअरबॅगसाठी सिलिकॉनच्या चिपवर कोरलेला त्वरणमापक (वेगातला बदल मोजणारा सेन्सर) आणला. त्यातही एक सूक्ष्म वजन बारीक स्प्रिंगांवर हलतं आणि त्याच्या हलण्यानं बदललेली विद्युत धारकता (कपॅसिटन्स) मोजली जाते. त्याच घराण्यातली चिप २००६ च्या 'निन्टेन्डो वी' या व्हिडिओ गेम यंत्राच्या रिमोटमध्ये गेली. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, तेही याच तत्त्वावर. तुमच्या ट्रॉलीच्या सेन्सरमध्येही बहुधा हेच असणार. म्हणजे 'हालचाल ओळखणारा सेन्सर' एवढ्यावर आता कुणालाच पेटंट मिळणार नाही.

पायरी ३ : दावे

खरा मजकूर इथं आहे. शीर्षक, सारांश, आकृत्या बघून "अरे, हे तर माझंच" असं म्हणणारे नव्वद टक्के वेळा चुकतात (हा आकडा माझ्या अंदाजाचा, पण चुकतात हे खरं). हक्क असतो तो फक्त शेवटी क्रमांक घालून लिहिलेल्या दाव्यांवर.

सीटबेल्टचं उदाहरण घ्या. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी तीन बिंदूंच्या पट्ट्यासाठी १९५८ मध्ये स्वीडनमध्ये अर्ज केला. अमेरिकेतलं पेटंट १९६२ चं आहे, क्रमांक ३०४३६२५. पण तीन बिंदूंचा पट्टा त्याआधीच अमेरिकेत होता. ग्रिसवोल्ड आणि डीहेवन यांना त्याचं पेटंट १९५५ मध्ये मिळालं होतं. मग बोलिन यांचं नवं काय? आधीच्या पट्ट्याचं कुलूप पोटासमोर यायचं, म्हणजे धडकेत सगळा जोर तिथंच. बोलिन यांनी कमरेचा आणि छातीवरचा पट्टा सीटच्या बाजूला, खाली, एकाच ठिकाणी आणून जोडला. नवेपणा होता तो या मांडणीत. व्होल्वोनं पुढं इतर कंपन्यांनाही ही रचना वापरू दिली, हे जाता जाता.

आता हाच हिशोब तुमच्या कामाला लावा. समोरच्या पेटंटाचा पहिला दावा वहीत उतरवून घ्या आणि स्वल्पविराम, अर्धविरामाशी तोडून एकेक घटक वेगळ्या ओळीत लिहा. प्रत्येक ओळीसमोर लिहा: माझ्या वस्तूत हे आहे का? ढोबळ नियम असा की दाव्यातले सगळे घटक तुमच्याकडं असतील तरच अतिक्रमण, म्हणजे पेटंटाचा भंग, होतं. एक जरी खरोखर नसेल तर त्या दाव्यातून तुम्ही सुटता. उलट, दाव्यात 'कंप्रायझिंग' (म्हणजे 'यांचा समावेश असलेलं') असेल तर वर आणखी चार गोष्टी जोडून सुटका नाही. 'दावा १ प्रमाणे' अशी सुरुवात असलेले दावे पहिल्यावर अवलंबून असतात, ते नंतर वाचा.

पायरी ४ : वर्णन

ही पायरी लोक गाळतात, आणि शिकायला सगळ्यात जास्त इथंच मिळतं. पेटंट हा सौदा आहे: हक्क हवा तर कृती उघड करा. प्रत्यारोपणासाठी काढलेलं यकृत पूर्वी सहा-आठ तासांतच बसवावं लागायचं. विस्कॉन्सिन विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी १९८० च्या दशकात अवयव थंड ठेवण्याचं द्रावण तयार केलं आणि ही मुदत दिवसभरापर्यंत ताणली. त्यात लॅक्टोबायोनेट, रॅफिनोज, अॅडेनोसिन काय आणि किती, हे पेटंटात लिहिलेलं आहे.

वर्णन वाचताना लेखकाच्या दृष्टीच्या मर्यादाही दिसतात. सुरेन्द्रनाथ सेहगल यांच्या चमूनं ईस्टर बेटावरच्या मातीतून रॅपामायसिन वेगळं केलं. १९७५ च्या पेटंटात ते बुरशीविरोधी औषध म्हणून आलंय. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीरानं अवयव नाकारू नये म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली १९९९ मध्ये.

पायरी ५ : भारतात चालत नाही ते

पेटंट कायदा १९७० मधलं कलम ३ एकदा तरी वाचाच. माहीत असलेल्या पदार्थाचा नुसता नवा उपयोग, शस्त्रक्रियेची पद्धत, नुसता संगणकीय प्रोग्रॅम किंवा अल्गोरिदम यांना पेटंट नाही. सर्जनच्या नव्या टाक्याला नाही, पण त्यासाठी घडवलेल्या उपकरणाला मिळू शकतं. तसंच, माहीत असलेल्या वस्तू शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे शोध नव्हे. ताण्याचा, म्हणजे कापडातला उभा, धागा तुटला की पातळ पत्ती पडून माग थांबतो, ही सोय जुनी आहे. तिला अर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड), सिमकार्ड आणि बझर जोडून मालकाला मेसेज पाठवणं उपयोगी नक्कीच आहे, पण एवढ्यावर पेटंट कार्यालयाचा परीक्षक हलणार नाही. कॉलेजचे बरेच प्रकल्प इथंच अडकतात.

पायरी ६ : जिवंत आहे की मेलेलं

इनपासवर अर्जाची सद्यस्थिती बघा. अर्ज १८ महिन्यांनी छापला जातो. छापला म्हणजे मंजूर झाला असं नाही. परीक्षणाची विनंतीच केली नाही, उत्तर दिलं नाही, वार्षिक फी थकवली, अशा कारणांनी कितीतरी कागद मेलेले असतात. "अमुक प्राध्यापकांना पेटंट" अशी बातमी दिसली की क्रमांक मागा. बऱ्याचदा ते नुसतं प्रकाशन असतं किंवा डिझाइनची नोंदणी, म्हणजे वस्तूच्या रूपाला संरक्षण, कामाला नव्हे. आणि गेल्या १८ महिन्यांत कुणी केलेला अर्ज सहसा तुम्हाला दिसणारच नाही, हेही धरून चाला.

एवढं करूनही तुमची ट्रॉली नवी वाटली तर आधी तोंड बंद. प्रदर्शनात मांडू नका, व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकू नका. तात्पुरत्या तपशिलासह (प्रोव्हिजनल स्पेसिफिकेशन) ऑनलाइन अर्जाची फी व्यक्तीला १,६०० रुपये आहे, आणि त्यानंतर पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात. मुंबईला जायची गरज नाही, पण डिजिटल सही लागते. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, तिची फी ४,००० रुपये, आणि १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना त्यासाठी ३१ महिन्यांची मुदत आहे. अर्ज भरणं स्वतः जमेल. दावे मात्र नोंदणीकृत पेटंट एजंटकडून लिहून घ्या, आणि त्याच्याकडं जाताना पायरी ३ मधली ती वही सोबत न्या. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.