गवत खाणारा प्राणी पाळताय? या चुका टाळा

व्हीगन झालेल्या माणसांचे फोन मला साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात येतात. दूध-तूप सुटलेलं असतं, घरच्यांशी वाद घालून झालेला असतो आणि आता घरात एखादा जीव हवासा वाटत असतो. "मांसमच्छी घरात आणायची नाही, म्हणून ससा घेतोय. सोपा असतो ना?" नाशिकमधल्या माझ्या घरी मी बरीच वर्षं लोकांना नकोसे झालेले ससे आणि गिनिपिग सांभाळते. त्यातल्या बहुतेकांची कहाणी याच प्रश्नापासून सुरू झालेली आहे.

पाला खाणारा प्राणी आपल्या स्वयंपाकघराला सोयीचा, हे खरं. सांभाळायला मात्र तो कुत्र्याहून अवघड. रानात त्याला सगळे खायला टपलेले, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. त्याला बरं नाही हे आपल्याला दिसतं, तोवर बराच उशीर झालेला असतो.

भाजी घालतो, मग गवत कशाला?

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून हिच्यावर सगळ्यात जास्त बोलते.

कापशी माझी पहिली ससुली. आमच्या इमारतीतल्या एका कुटुंबाची बदली झाली आणि ती माझ्याकडे आली. गाजर, पोळीचा चुरा आणि बिस्किटं एवढंच तिला माहीत होतं. पोळी-बिस्किटं मी पहिल्याच दिवशी बंद केली. रोज मंडईतून ताजी कोथिंबीर, मेथी, मुळ्याचा पाला आणायचे, निवडून, धुऊन, पुसून तिच्यापुढे ठेवायचे. इतकं निगुतीनं तर मी स्वतःसाठीही करत नव्हते. गवत मात्र तिला कधी दिलं नाही. पालेभाजी म्हणजे गवताहून चांगलंच, असं मला वाटायचं.

दीड वर्षानं तिची हनुवटी ओली राहायला लागली. पाण्याच्या वाडग्यामुळे असेल, असं समजून मी वाडगा बदलला. मग ती खाण्याजवळ येई, वास घेई, एक पान उचले आणि टाकून देई. हरभऱ्याएवढ्या लेंड्या मिऱ्याएवढ्या झाल्या आणि एका सकाळी ट्रे रिकामाच दिसला. घरात सगळे म्हणाले, पोट बिघडलंय, एक दिवस लंघन होऊ दे. आमच्याकडे पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर हाच उपाय. सशाच्या बाबतीत तो जिवावर बेततो. त्याचं आतडं सतत चालत राहावं लागतं. थांबलं की आत वायू साठतो, वेदना होतात, वेदनेमुळे तो आणखी खात नाही. शिवाय सशाला उलटी करता येत नाही. बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर सकाळची वाट बघायची नसते, रात्रीच निघायचं असतं. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निघाले.

दोन डॉक्टरांनी तिचा ओठ उचलून पुढचे दात पाहिले आणि "दात उत्तम आहेत" म्हणून सांगितलं. तिसऱ्यांनी भूल देऊन आत पाहिलं. खालच्या दाढांना आतल्या बाजूनं काट्यांसारखी टोकं आली होती आणि त्यांनी जिभेला जखमा केल्या होत्या. हनुवटीवर पाणी नव्हतं, लाळ होती.

सशाचे सगळे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर वर्षाला दहा सेंटीमीटरच्या आसपास. ते झिजायचे तर जबडा आडवा फिरवत तासन्‌तास गवत चघळावं लागतं. कोथिंबिरीची जुडी पाच मिनिटांत संपते, तिच्यानं दाढ झिजत नाही. कापशी त्या वेळी वाचली, पण जबड्याची घडी बिघडली ती कायमची. पुढे दर दोन-अडीच महिन्यांनी भूल देऊन दाढा घासाव्या लागल्या. पाचव्या वर्षी ती गेली. नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षं सहज जगतो.

म्हणून आता माझ्याकडे हिशोब सरळ आहे. प्रत्येक सशापुढे रोज त्याच्या अंगाएवढा वाळल्या गवताचा ढीग. तो संपता कामा नये. ओंजळभर पाला संध्याकाळी. गाजराचं बोटाच्या पेराएवढं चाक आठवड्यातून एकदा-दोनदा, कारण त्यात साखर फार. परदेशी टिमोथी गवत चांगलं असतं, परवडत असेल तर घ्या, पण त्याच्यावाचून अडत नाही. आपली हरळी, मारवेल, पवन्या, बी धरायच्या आधी कापून सावलीत वाळवलं की हिरवट राहतं आणि गोडसर वास येतो. मी ते सुती पोत्यात ठेवते. प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्यात बुरशी धरते, आणि बुरशीचा नुसता संशय आला तरी सगळं पोतं फेकून देते. कडबा नको, जाड असतो. गव्हाचं काड अंथरायला ठीक. लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांना द्या. मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि लघवीत गाळ साचतो. सोसायटीच्या हिरवळीवर यंत्रानं कापलेलं ओलं गवत ढिगात तापतं, आंबतं आणि पोट फुगवतं, ते फुकट मिळालं तरी आणू नका.

"पाकिटातले दाणे घातले की काम होतं की," असं म्हणणारे रोज भेटतात. दाण्यांनीही दाढ झिजत नाही. बाजारातले कित्येक दाणे मांसासाठी ससे वाढवणाऱ्यांसाठी, वजन लवकर भरावं म्हणून बनवलेले असतात. दुधाच्या चहालाही हात न लावणाऱ्या माणसानं ते पाकीट न वाचता घरात आणावं, याचा मला मनापासून त्रास होतो.

"दोन्ही माद्याच आहेत"

विकणाऱ्याच्या या वाक्यावर विश्वास ठेवू नका. दोन महिन्यांच्या पिल्लांत नर-मादी ओळखायला अनुभवी माणूसही चुकतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीनं अशा दोन "माद्या" आणल्या. सशाचे दिवस अवघे एकतीस. सहा पिल्लं झाली, त्या आनंदात नर त्याच पिंजऱ्यात राहिला. मादी व्यायल्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते. महिन्याभरानं आणखी सात. खोलीत पंधरा ससे आणि ती मुलगी रडत माझ्या दारात.

आम्ही दोघी घरं शोधायला लागलो. एका गृहस्थांनी फार आपुलकीनं चौकशी केली, किती मोठे होतात, काय खातात. शेवटी विचारलं, एकेकाचं वजन किती भरेल? मी फोन ठेवला. प्राण्यांना अन्न मानायचं नाही म्हणून ससे आणणाऱ्या घरातून ससे ताटात जायची वेळ थोडक्यात टळली.

पिल्लं दहा-बारा आठवड्यांची झाली की नर वेगळे करा आणि सशांवर हात बसलेल्या डॉक्टरांकडून नसबंदी करून घ्या. शस्त्रक्रियेनंतरही नर महिना-सव्वा महिना पिल्लांचा बाप होऊ शकतो. "रात्रभर उपाशी ठेवून आणा" असं डॉक्टर म्हणाले तर मी दुसरे डॉक्टर शोधते, कारण सशाला शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवत नाहीत. हे डॉक्टर ससा आणण्याआधी शोधायचे. सशाला तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक जीव घेऊ शकतं, तेव्हा घरातल्या डब्यातली गोळी कधीही देऊ नका.

आणि विकत मुळात घेऊच नका. सोडून दिलेले ससे प्रत्येक मोठ्या शहरात आहेत.

थोडक्यात बाकीच्या

मांजराला डाळभातावर ठेवणं. मांजराचं शरीर टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसं बनवू शकत नाही, ते मांसातून मिळावं लागतं. कमी पडलं की दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. घरात मांस चालणार नसेल तर मांजर आणू नका. आधीपासून असेल तर त्याचं खाणं त्याला द्या. तत्त्व तुमचं आहे, पोट त्याचं आहे.

गिनिपिगला सशाचंच खाणं. माणसासारखंच त्याचं शरीर क जीवनसत्त्व बनवत नाही. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा, थोडी कोथिंबीर, आवळ्याची फोड द्या. पाण्यात थेंब टाकायचा सोपा मार्ग मला पटत नाही. ते जीवनसत्त्व पाण्यात टिकत नाही आणि चव बदलली म्हणून तो पाणीच कमी पितो. गिनिपिग एकटा ठेवू नका, सशाबरोबरही ठेवू नका.

हॅमस्टर शाकाहारी समजणं. तो किडेही खातो. बाजारातली लाल गालांची छोटी कासवंही लहानपणी मुख्यतः किडे-मासेच खातात, ताटाएवढी वाढतात, आणि मग लोक ती तळ्यात सोडतात. तसं करू नका, आपल्याकडच्या कासवांच्या तोंडचा घास जातो.

देशी पोपट आणि तारा कासव. दोन्ही खातात पाला-फळं-दाणे, दोन्ही पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. "वास्तूला चांगलं" म्हणून कासव घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तारा कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 2019 मध्ये सगळ्यात कडक बंदीच्या यादीत गेला, इतकं ते चोरून विकलं जातं. कुणाकडे दिसलं तर महाराष्ट्र वनविभागाला 1926 वर कळवा.

शेतातून उचललेलं सशाचं पिल्लू. ऊसतोडीच्या दिवसांत हे फोन वाढतात. पाळीव सशाची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाचं पिल्लू डोळे उघडे ठेवून, अंगावर लव घेऊन जन्मतं आणि एकटं दबा धरून बसतं. ते अनाथ नसतं, आई अंधार पडल्यावर पाजायला येते. होतं तिथेच, बांधाच्या आडोशाला ठेवा. घरी आणून दूध पाजलेली जगत नाहीत, आणि रानससा पाळणंही बेकायदा आहे.

बजरिगार, ज्यांना आपल्याकडे सगळे लव्हबर्ड म्हणतात. दाणे खातात, बरोबर. पण पिंजऱ्यात लटकवलेला तो पांढरा समुद्रफेस हे माकुलाच्या जातीतल्या प्राण्याचं हाड असतं. खनिजांची वडी मिळते, ती लावा. उडायला खोली देणार नसाल तर पक्षी आणूच नका.

उन्हाळा. तिशीच्या वर पारा गेला की सशाला उष्माघात होऊ शकतो. बाल्कनीतला पिंजरा आत घ्या, पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा, कान ओल्या हातानं पुसा. अंघोळ घालू नका, गार पाण्यात बुडवू तर अजिबात नका.

माझ्याकडून ससा हवा असणाऱ्यांना मी पहिल्या भेटीत ससा देत नाही. पंधरा दिवस सकाळी येऊन गवत निवडा, ट्रे साफ करा, लेंड्यांचा आकार बघायला शिका, हनुवटीखाली हात फिरवायला शिका, असं सांगते. बरेच जण रागावतात, काही तिसऱ्या दिवसापासून यायचे थांबतात. जे पंधरावा दिवस गाठतात, त्यांच्या घरी मी स्वतः टोपली घेऊन जाते आणि सोबत आमच्याकडच्याच गवताचं एक पोतं ठेवून येते. नव्या घरात पहिले दहा दिवस खाणं बदललेलं सशाला सोसत नाही.