जिजाबाईंचा प्रवेश बसवताना: माहेर जाधव, सासर भोसले

एकपात्री स्पर्धांत जिजाबाई हमखास असतात, पण बहुधा राजमाता म्हणूनच: पिकलेले केस, हातात तलवार, तोंडी स्वराज्याची भाषा. माहेर-सासरच्या कात्रीत सापडलेली एकतिशीतली सून दाखवायची असेल तर एकच प्रसंग धरा. 25 जुलै 1629 रोजी दौलताबादच्या दरबारात निजामशहाने लखुजीराव जाधव, त्यांचे मुलगे अचलोजी व रघुजी आणि नातू यशवंतराव यांना ठार मारवलं. ती बातमी लेकीच्या कानी पडते, तिथून पडदा उघडा.

दहा मिनिटांच्या प्रवेशाला नऊशे शब्द पुष्कळ झाले. हजारावर गेलात की विराम खाल्ले जातात, आणि शांत स्वभावाची बाई विरामांतच दिसते.

पहिली तीन मिनिटं तिला आठवणाऱ्या जुन्या प्रसंगाला, खंडागळे सरदारांच्या हत्तीला द्या. बिथरलेल्या हत्तीवरून जाधव-भोसल्यांत जुंपली, त्यात चुलत दीर संभाजी भोसल्यांनी भाऊ दत्ताजीला मारलं, मग लखुजीरावांनी त्या संभाजींना मारलं आणि खुद्द जावई शहाजीराजे घायाळ झाले. नाती इथे गुंततात, म्हणून प्रेक्षकाला नावांआधी नातं सांगा: ‘माझा भाऊ’, ‘माझे दीर’. चार नावं एका दमात आली की मागच्या रांगा सुटल्याच. पुढे लखुजीराव मोगलांकडे, शहाजीराजे निजामशाहीत. सासरे-जावई ज्यात समोरासमोर होते ती 1624 ची भातवडीची लढाई दोन वाक्यांत उरका.

प्रवेशाचा गाभा मात्र सुतकात आहे. रूढीप्रमाणे लग्न झालेल्या लेकीला बापाचं सुतक तीन दिवस, सासरच्या चुलत दिराचं दहा. हे गणित तिला बोटांवर मोजू द्या: तीन बोटं मिटतात, चौथं अर्ध्यावर थांबतं. इथे पाच-सहा सेकंद काहीही बोलायचं नाही, पार्श्वसंगीतही नको. हमखास होणारी चूक म्हणजे याच क्षणी तिला देवापुढे निरांजन ओवाळायला लावणं. सुतकात ती पूजा करणार नाही. देव्हारा असलाच तर ती त्याच्यापासून लांब बसलेली दिसू दे.

दुसरी चूक खलनायकाची. रडणं रंगावं म्हणून शहाजीराजांना कठोर नवरा करतात. लखुजीरावांचा जीव निजामशहाने घेतला, भोसल्यांनी नव्हे; आणि या खुनानंतर शहाजीराजांनीच निजामशाही सोडली. म्हणजे ज्या घराशी वैर, त्याच घरासाठी सासर पेटून उठतं. हा पीळ शेवटच्या दोन मिनिटांसाठी राखून ठेवा. आधी फोडलात तर उरलेला प्रवेश नुसता विलाप होतो.

भाषेत नवऱ्याचं नाव तिच्या तोंडी येऊ देऊ नका, ‘स्वारी’ म्हणा. वडिलांना ‘आबासाहेब’. ‘राजमाता’, ‘आऊसाहेब’ वगैरे अजून कुणी म्हणत नाही.

वेश साधा. गडद सुती नऊवारी, डोक्यावर पदर, ठसठशीत कुंकू, मंगळसूत्र, हिरव्या बांगड्या. ती सवाष्ण आहे, शहाजीराजे 1664 पर्यंत हयात होते. तेव्हा पांढरं लुगडं आणि कोरं कपाळ ही घोडचूक. झगझगीत जरीची पैठणीही नको, दिव्याखाली चेहऱ्याआधी काठच दिसतात. पोटाला उशी बांधायचा मोह आवरा. शिवरायांचा जन्म 19 फेब्रुवारी 1630 चा, म्हणजे या वेळी जेमतेम दुसरा-तिसरा महिना. बाहेरून काही दिसणार नाही. फार तर एकदा हात पोटाकडे जाऊन परत येऊ दे.

बसून उठायच्या हालचालीत शिवलेल्या नऊवारीचा कासोटा ओढला जातो आणि पदर डोक्यावरून घसरतो. पदराला अंबाड्याजवळ दोन पिना लावा आणि रंगीत तालीम त्याच लुगड्यात घ्या.