गाडीतला गॅस आणि खालचा झरोका: निघण्यापूर्वीची तयारी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वेळणेश्वरला आमच्या कॅम्परव्हॅनमध्ये, म्हणजे आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, पहाटे सहाच्या सुमारास चहा ठेवण्यासाठी मी लायटर हातात घेतला होता, तेवढ्यात खालच्या बाकावर झोपलेली आई म्हणाली, "अरे, इथे खाली गॅसचा वास येतोय." मला उभ्याने कसलाच वास येत नव्हता. वाकून तिच्या उशीपाशी नाक नेले, तेव्हा तो इतका उग्र आला की मी लायटर तसाच खिशात टाकला, रेग्युलेटर बंद केला आणि सगळ्यांना अनवाणी गाडीबाहेर काढले. दोन्ही दारे सताड उघडून आणि सिलिंडर लांब नेऊन ठेवल्यावर कारण सापडले. आदल्या संध्याकाळी चिपळूणला बदलून घेतलेल्या सिलिंडरच्या तोंडातल्या रबरी रिंगेला केसाएवढी चीर होती. पण खरा दोष रिंगेचा नव्हता, माझा होता. निसटलेला गॅस ज्या झरोक्यातून गाडीखाली निघून जायला हवा होता, तो झरोका ऑगस्टमध्ये आंबोलीच्या पावसात, चाकाचे चिखलपाणी सिलिंडरच्या पेटीत उडते म्हणून, मीच खालून खाकी चिकटपट्टीने बंद केला होता आणि नंतर तो उघडायचा विसरलो होतो. पट्टीवर चिखल वाळून ती पत्र्यासारखीच दिसत होती. पुढची यादी त्यासाठी लिहीत आहे, आणि तिच्यात झरोका वारंवार येईल.

आपल्याकडचा स्वयंपाकाचा गॅस प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असतो आणि तो हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. गळलेला गॅस वर जात नाही, पाण्यासारखा खाली उतरतो आणि गाडीच्या तळाशी साचतो. खिडक्या उघड्या आहेत म्हणून निर्धास्त राहणारे लोक मी पाहिले आहेत आणि मीही त्यांच्यातलाच होतो, परंतु खिडकी कमरेच्या वर असते आणि गॅस घोट्याशी असतो. हवेत सुमारे २ टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकते. छोट्या गाडीच्या आत साधारण १० घनमीटर हवा असते असे धरले, तर संपूर्ण गाडी धोक्याची व्हायला अर्ध्या किलोपेक्षाही कमी गॅस पुरतो, आणि तो तळाशीच साचत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कितीतरी कमी पुरतो. त्यामुळे सिलिंडरची पेटी राहण्याच्या जागेपासून पूर्ण बंद असावी, तिचे दार बाहेरच्या बाजूने उघडावे आणि तिच्या अगदी तळाला थेट गाडीखाली उघडणारा झरोका असावा. युरोपात कॅम्परव्हॅनसाठी जे मानक पाळतात, त्यात हा झरोका पेटीच्या तळाच्या क्षेत्रफळाच्या किमान २ टक्के आणि कोणत्याही परिस्थितीत १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा, असे सांगितले आहे. म्हणजे तळहाताएवढे, १० बाय १० सेंटिमीटरचे भोक. फॅब्रिकेटरने ड्रिलने पाडलेली बोटाएवढी दोन भोके पुरत नाहीत, आणि त्यावर "साहेब, काही होत नाही" हे उत्तर ऐकून घेऊ नये. झरोका सायलेन्सरच्या नळीजवळ उघडत नाही, हेही गाडीखाली वाकून स्वतः पाहावे.

सिलिंडर ५ किलोचा, वितरकाकडून पावती घेऊन आणलेला असावा. तो ओळखपत्रावर मिळतो आणि दुसऱ्या गावी रिकामा देऊन भरलेला घेता येतो. घरच्या जोडणीचा १४.२ किलोचा सिलिंडर गाडीत घालू नये. तो घरच्या वापरासाठी असतो, शिवाय घाटातल्या वळणावर तेवढे वजन सुटले तर आवरत नाही. बाजारात वर शेगडी बसवलेल्या लहान टाक्या मिळतात आणि त्या कोपऱ्यावरच्या दुकानात मोठ्या सिलिंडरमधून भरून दिल्या जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. त्यांची कारणे सांगत बसत नाही.

सिलिंडर हातात घेतला की वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे असतात, ते वाचावेत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी त्याच क्रमाने, आणि आकडा वर्षाचा. ‘बी-२७’ असे असेल, तर त्या सिलिंडरची चाचणी २०२७ च्या जूनपर्यंत व्हायला हवी. मुदत उलटली असेल तर तिथेच परत द्यावा. मग टोपी काढून व्हॉल्व्हच्या तोंडात पाण्याचे चार थेंब टाकावेत, घरी सिलिंडर आणणारे अनेकदा करतात तसे, आणि बुडबुडे येतात का ते शांतपणे पाहावे. याने व्हॉल्व्ह स्वतःहून गळत नाही एवढेच कळते. रिंगेची परीक्षा रेग्युलेटर चढवल्यावरच होते, म्हणून सांध्यावर साबणाचे पाणी ब्रशने लावून पुन्हा पाहणे चुकवू नये. चिपळूणला मी यातले दुसरे काम केले नाही, कारण अंधार पडला होता आणि सगळ्यांना भूक लागली होती. सिलिंडर बदलल्यावर दर वेळी साबणाचे पाणी लावावे. काडी ओढून पाहणाऱ्याला गाडीत घेऊ नये.

आणि सिलिंडर आत ठेवण्यापूर्वी झरोका पाहावा. पेटीच्या आतून हात घालून बोटे, किंवा जाळी असेल तर काडी, पलीकडे निघतात का, हे चाचपून पाहावे. वरून डोळ्यांनी पाहून चालत नाही, कारण मीही वरून जाळी पाहिली होती आणि ती मला नेहमीसारखीच दिसली होती.

सिलिंडर उभाच ठेवावा आणि दोन पट्ट्यांनी करकचून बांधावा. आडवा झाला तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे २५० लिटर वायू होतो, त्यामुळे शेगडीवर केवढी ज्वाळा उठेल याची कल्पना करावी. नळी आयएसआय चिन्हाची, तारेची जाळी आत असलेली नारिंगी ‘सुरक्षा’ नळीच घ्यावी आणि ती दीड मीटरपेक्षा लांब नसावी. घरी ती पाच वर्षांनी बदलायला सांगतात. गाडीत ती सतत हादरते, म्हणून मी दोन वर्षांनीच बदलतो. नळी पेटीतून आत येते त्या भोकाला रबरी बूच घट्ट बसवावे. आमच्या गाडीत तिथे बोटभर फट राहिली होती, ती आईच्या बाकाखालीच उघडत होती, आणि बंद झरोक्यामुळे पेटीत तुंबलेला गॅस तिथूनच आत आला. पेटीचा आतला मार्ग बंद आणि खालचा मार्ग उघडा, अशी ती व्यवस्था असते. माझ्याकडे ती नेमकी उलटी झाली होती.

गॅस ओळखणारे यंत्र जमिनीपासून वीतभर उंचीवर लावावे. ते छताजवळ लावलेले मी एका नव्या, महागड्या गाडीत पाहिले आणि मालकाला तिथल्या तिथे सांगितले. कार्बन मोनॉक्साइडचे यंत्र वेगळे असते, ते झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर हवे. या वायूला वास नसतो आणि रंगही नसतो. स्वयंपाकाच्या गॅसला मुद्दाम मर्कॅप्टन मिसळून वास दिलेला असतो, त्यामुळे आईला कळले. हा दुसरा वायू झोपलेल्या माणसाला कळत नाही. त्यासाठी थंडीत ऊब यावी म्हणून काचा लावून शेगडी पेटती ठेवू नये, पाच मिनिटेसुद्धा नाही. पुरेशी पांघरुणे न्यावीत. ज्योत निळी असावी. पिवळी होऊन भांडी काळी पडू लागली की बर्नर साफ करावा.

गाडी सुरू करण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करावा. शेगडीचे बटण बंद केले एवढ्यावर भागवू नये, कारण घाटात एखादी पिशवी सरकून बटणावर रेलते. पेट्रोल पंपावर तर कोणतीही ज्योत नकोच. आग विझवण्याचे कोरड्या पावडरीचे नळकांडे दाराशी असावे, शेगडीच्या मागे नसावे.

मुक्कामाला पोचल्यावर पुन्हा झरोका पाहावा. किनाऱ्यावर मऊ वाळूत चाके रुतली की गाडीचा तळ खाली येतो आणि भोक वाळूने बुजते, पावसाळ्यात चिखलाने भरते, आणि उंच गवतात गाडी उभी केली तरी त्याला वारा लागत नाही. पाणी उडण्याचा त्रास खरोखर होतो, हे मला मान्य आहे. त्यावर उपाय म्हणजे झरोक्याच्या पुढच्या बाजूला तिरकी पत्र्याची पट्टी वेल्ड करून घेणे, आणि भोक उघडेच ठेवणे. मी आता तेच केले आहे, खर्च फार आला नाही. चिकटपट्टी, बोळा, थर्मोकोल, जुना पायपुसणा यांपैकी काहीही, एका रात्रीपुरतेही लावू नये, कारण ती एक रात्र माझ्या बाबतीत तीन महिने चालली.

वास आलाच तर रेग्युलेटर बंद करून माणसांना बाहेर काढावे आणि दारे उघडावीत. दिवा, पंखा किंवा गाडीची चावी, यांपैकी कशालाही हात लावू नये. चालू असलेले बटण बंद करतानाही ठिणगी पडते. वास पूर्ण गेल्याशिवाय आत जाऊ नये. १९०६ हा गॅसगळतीचा क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये असावा.

परतल्यावर रेग्युलेटर काढावा, व्हॉल्व्हला टोपी लावावी आणि सिलिंडर गाडीतून उतरवावा. सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये तो गाडीत ठेवू नये, तिथून गॅसला खाली जायला जागाच नसते. उंदरांची भीती असेल तर झरोक्याला तारेची जाळी लावावी, आणि पुढच्या वेळी निघण्याआधी त्या जाळीतून एक काडी आरपार घालून पाहावी.