जुन्या ड्युअल-बूट संगणकात ग्राफिक्स कार्ड बदलल्यावर पडदा काळा? दोष असा शोधा

कार्ड बदललं, पडदा काळा झाला, आणि बोलावलेला पोरगा पहिलं वाक्य म्हणतो, "फॉरमॅट मारा लागते, भाऊ." त्याला थांबवा. फॉरमॅटने कधीकधी दोष दबतो, पण तो कशाचा होता हे कळत नाही. शिवाय ग्रब (सुरू होताना कोणती सिस्टीम हवी ते विचारणारी यादी) जातो, दुसरी सिस्टीम जाते आणि दुकानाच्या फाइलीही जातात. पुढच्या महिन्यात तोच काळा पडदा परत आला की पुन्हा पैसे.

ड्युअल-बूट मशीनवर दोष शोधणं उलट सोपं असतं, कारण त्याच हार्डवेअरवर दोन वेगळ्या सिस्टीम चालतात. दोन्हीकडे तोच त्रास असेल तर दोष कार्डात, एसएमपीएसमध्ये (वीज देणाऱ्या डब्यात), केबलमध्ये किंवा बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) आहे. एकीकडेच असेल तर हार्डवेअरला हात लावू नका, तो ड्रायव्हरचा (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) प्रश्न आहे. खालचं सगळं या एका नियमावर उभं आहे.

दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात अशी मशीनं आता बरीच दिसतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, जो जुन्या आय३-आय५ मध्ये नाही. म्हणून कोरल ड्रॉ, प्रिंटर आणि अंगठ्याच्या मशीनसाठी विंडोज ठेवायची, बाकी कामाला लिनक्स मिंट ही दुसरी सिस्टीम. त्यात नागपूरच्या सीताबर्डीतून आणलेलं एनव्हिडिया कंपनीचं जीटीएक्स ७५० टीआय, १०५० टीआय किंवा १६५० बसतं, बहुतेक वेळा जुनं.

कार्ड काढण्याआधी

बॅकअप घ्यायचा, स्विच बंद करून वायर काढायची, हे सांगत बसत नाही. दोन गोष्टी मात्र लोक करत नाहीत. विंडोजमध्ये रन उघडून एमएसइन्फो३२ टाका, 'बायोस मोड'समोर लेगसी आहे की यूईएफआय (सुरू होण्याची जुनी पद्धत की नवी) ते बघा आणि कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पेनाने लिहून ठेवा. आणि पॉवर ऑप्शन्समधून फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असलं की विंडोज पूर्ण बंद होत नाही, जुन्या कार्डाची अवस्था डिस्कवर साठवून झोपते. नवं कार्ड लावल्यावर तीच अवस्था घेऊन उठते, आणि तिचं पार्टिशन लिनक्समध्ये फक्त वाचता येतं, लिहिता येत नाही.

पडदा कुठे काळा होतो ते आधी ठरवा

कंपनीचा लोगोच दिसत नाही, की ग्रबची यादी दिसून मग अंधार होतो, की डेस्कटॉप येऊन काम करता करता बंद पडतं? हे तीन वेगळे आजार आहेत. बोलावलेल्या माणसाने हा प्रश्न विचारलाच नाही, तर त्याला काम देऊ नका.

लोगोच येत नसेल

मॉनिटरची केबल कार्डाला लावली आहे, मदरबोर्डाला नाही, हे बघा. कार्डाला सहा पिनची वेगळी पॉवर लागत असेल तर ती जोडा. कार्ड काढून त्याचे सोनेरी दात खोडरबराने पुसा आणि स्लॉटच्या कुलपाचा 'टक' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. मॉनिटर जुना व्हीजीए असेल तर इथेच घोळ असतो. जीटीएक्स १० मालिकेपासून डीव्हीआयमधून अॅनालॉग सिग्नल येत नाही. त्यामुळे वीस-तीस रुपयांचा साधा डीव्हीआय-व्हीजीए जोड त्यावर चालणार नाही, आतमध्ये सर्किट असलेला एचडीएमआय-व्हीजीए कन्व्हर्टर लागतो. त्यातही हलका कन्व्हर्टर मॉनिटरची माहिती नीट पोचवत नाही आणि पडद्यावर 'आउट ऑफ रेंज' येतं. कार्डाला दोष देण्याआधी दुसऱ्या मॉनिटरवर किंवा घरातल्या टीव्हीवर एचडीएमआयने लावून बघा.

तरीही काही नाही? कार्ड काढा, मॉनिटर मदरबोर्डाला लावा, बायोसमध्ये जाऊन पहिला डिस्प्ले पीसीआय एक्स्प्रेस किंवा पीईजी करा, सेव्ह करा आणि कार्ड परत बसवा.

बायोसमध्ये गेलात की तारीख बघा. ती जुनी दिसली तर बोर्डावरची सीआर२०३२ बटण-बॅटरी संपली आहे. आमच्याकडे लाईन रोज जाते, आणि बॅटरी मेलेल्या मशीनची बायोस सेटिंग प्रत्येक वेळी मूळपदाला येते. मग काल चालणारं कार्ड आज चालत नाही. लेगसीवर बसवलेली सिस्टीम बायोस यूईएफआयवर गेल्यामुळे 'बूट डिव्हाइस नाही' म्हणते, किंवा ग्रब गायब होऊन थेट विंडोज सुरू होते. तारीख मागे गेल्यामुळे वेबसाइटी उघडत नाहीत आणि ड्रायव्हर उतरत नाही. लोक कार्ड परत करायला सीताबर्डी गाठतात, तर दोष तीन व्होल्टच्या बॅटरीत असतो. आधी ती बदला. मग आत लिहून ठेवलेला मोड परत लावा. ग्रब गेला असं वाटलं तर सुरू होताना एफ१२, एफ११ किंवा एफ८ ने बूट मेनू उघडा, मिंटची नोंद बहुतेक वेळा तिथेच असते, फक्त उबुंटू या नावाने.

काही जुने बोर्ड बायोस अपडेट केल्याशिवाय नवं कार्ड ओळखत नाहीत. अपडेट जरूर करा, पण यूपीएसची बॅटरी धडधाकट असेल तरच, आणि आभाळ नसताना. मधेच लाईन गेली तर बोर्ड कायमचा मरू शकतो.

ग्रब दिसतो, मग अंधार

हा खरा अवघड टप्पा. मीही यावर बऱ्याच रात्री घालवल्या आहेत, म्हणून इथे सावकाश जाऊ.

ग्रब दिसला याचा अर्थ कार्ड जिवंत आहे, केबल ठीक आहे, पॉवरही पोचते आहे. तिथपर्यंत पडदा बायोसच्या भरवशावर चालतो. पुढे लिनक्सचा कर्नल (सिस्टीमचा गाभा) पडद्याचा ताबा स्वतःकडे घेतो आणि त्या क्षणी योग्य ड्रायव्हर नसेल तर अंधार होतो. या टप्प्यावर कार्ड काढून परत बसवणं, रॅम पुसणं, एसएमपीएस बदलणं हा सगळा वेळेचा नाश आहे. आणि फॉरमॅट तर नाहीच नाही.

अंधार झाला की कॅप्स लॉक दाबा. कीबोर्डवरचा दिवा बदलत असेल तर मशीन चालू आहे, फक्त दिसत नाही. मग कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन विचारलं तर आणखी चांगलं.

आता मशीन पुन्हा सुरू करा. ग्रबच्या यादीत मिंटवर थांबून 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. त्या ओळीत 'क्वाएट स्प्लॅश'नंतर एक जागा सोडून नोमोडसेट लिहा: इंग्रजीत एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सगळी लहान अक्षरं, मधे जागा नाही. एफ१० दाबा. डेस्कटॉप मोठ्या, जाड अक्षरांत येईल. हे जमत नसेल तर 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधला रिकव्हरी मोड घ्या, तोही असाच उघडतो.

इथे एक चुकीचा सल्ला सगळीकडे फिरतो: "नोमोडसेट ग्रबच्या फाइलीत कायमचं लिहून टाका, झालं काम." अजिबात लिहू नका. नोमोडसेट म्हणजे कर्नलला पडद्याचा ताबा घेऊ न देणं. ते ठेवलं तर रॅडिऑनचा (एएमडीच्या कार्डाचा) ड्रायव्हर उभाच राहत नाही, एनव्हिडियाचा खुला ड्रायव्हर नूवोही नाही. पडदा दिसेल, पण सगळं चित्र प्रोसेसर काढत बसेल आणि कार्डाचे पैसे पाण्यात जातील. हा शब्द एकदाच आत शिरण्यासाठी आहे. ग्रबमध्ये हाताने लिहिलेला पुढच्या वेळी आपोआप नाहीसा होतो, आणि तेच बरोबर आहे.

आत शिरलात की कारण शोधा. बहुतेक वेळा ते जुन्या कार्डाचा उरलेला ड्रायव्हर हेच असतं. एनव्हिडियाचा एकच ड्रायव्हर सगळ्या कार्डांना चालत नाही. जीटी ६१० सारखी फर्मी पिढीची कार्डं ३९० मालिकेपाशी थांबतात, केप्लर पिढी ४७० पाशी, आणि ७५० टीआय, १०५० टीआय, जीटी १०३० ही मॅक्सवेल-पास्कल मंडळी ५८० पाशी. १६५० ट्युरिंग पिढीचं आहे, त्याला त्यापुढचे ड्रायव्हरही चालतात, पण ३९० त्याला ओळखत नाही. म्हणजे जीटी ६१० काढून १६५० बसवलं आणि आत ३९० तसाच राहिला, तर तो नव्या कार्डाला हात लावत नाही आणि नूवोला त्याने आधीच बंद करून ठेवलेलं असतं. कार्ड सांभाळायला कोणीच उरत नाही. उलटही होतं: यूट्यूबवर बघून नवा ५९० टाकला आणि कार्ड १०५० टीआय निघालं, तर तोच अंधार.

जीटी ७३० घेताना विशेष जपा. त्याच नावाने फर्मी आणि केप्लर अशा दोन्ही चिपा विकल्या गेल्या आहेत. टर्मिनलमध्ये एल-एस-पी-सी-आय टाकून यादीत 'व्हीजीए' शब्दाची ओळ वाचा. जीएफ दिसलं तर फर्मी, जीके केप्लर, जीएम मॅक्सवेल, जीपी पास्कल, टीयू ट्युरिंग. खोक्यावरच्या नावापेक्षा या दोन अक्षरांवर विश्वास ठेवा.

आता उपाय. मोबाइलचं नेट यूएसबी टेदरिंगने जोडा. मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा, आधी नूवो निवडून जुना ड्रायव्हर काढा, मशीन पुन्हा सुरू करा (गरज पडली तर पुन्हा एकदा नोमोडसेट), मग तुमच्या पिढीचा ड्रायव्हर निवडा. फर्मी कार्ड असेल तर नव्या मिंटवर ३९० बसवायचा हट्ट सोडा आणि नूवोवरच चालवा. एनव्हिडियाच्या वेबसाइटवरून 'रन' फाइल उतरवून बसवू नका. पुढचा कर्नल अपडेट आला की ती मोडते आणि काढताना घाम फुटतो. कार्ड रॅडिऑन असेल तर वेगळं काहीच बसवायचं नाही, ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो. फक्त मिंट जुनं असेल तर नवं रॅडिऑन त्याला माहीत नसतं, तिथे मिंटच नवं करा.

ड्रायव्हर बसूनही अंधार राहिला तर दोन जागा उरतात. ईटीसी फोल्डरमधल्या एक्स११ मध्ये एक्सऑर्ग डॉट कॉन्फ नावाची फाइल कोणी पूर्वी बनवली असेल, तर तिच्यात जुन्या कार्डाचा पत्ता लिहिलेला असतो. तिचं नाव बदला. दुसरी जागा सिक्युअर बूट, म्हणजे सही नसलेलं काही आत येऊ न देणारी बायोसची सोय. ते चालू असताना ड्रायव्हर बसवला की एक पासवर्ड ठेवायला सांगतात आणि पुढच्या सुरुवातीला निळा पडदा येतो. तो थोडे सेकंदच थांबतो. घाबरून जाऊ देऊ नका, कोणतंही बटण दाबा, 'एनरोल एमओके' निवडा, तोच पासवर्ड द्या. हा पडदा चुकला तर ड्रायव्हर डिस्कवर असतो पण कर्नल त्याला आत घेत नाही. सिक्युअर बूट बंद करूनही काम होतं, पण विंडोजवर बिटलॉकर (डिस्कचं कुलूप) असेल तर आधी त्याची रिकव्हरी की हाताशी ठेवा.

शंका असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून, म्हणजे डिस्कवर न बसवता, मिंट चालवा. तिथे डेस्कटॉप स्वच्छ आला तर कार्ड निर्दोष आहे आणि दोष तुमच्या बसवलेल्या सिस्टीममध्ये आहे. यापेक्षा पक्का पुरावा नाही.

विंडोजमध्येच त्रास असेल तर नेट बंद करा, सेफ मोडमध्ये डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर चालवा, कार्डाच्या पिढीचा ड्रायव्हर बसवा, मग नेट जोडा. जुनं कार्ड घेतलं असेल तर जीपीयू-झेडही चालवा. बनावट एनव्हिडिया कार्डाच्या नावापुढे तो सरळ 'फेक' लिहून दाखवतो.

चालता चालता बंद पडत असेल

दोन्ही सिस्टीममध्ये बंद पडतं? मग एसएमपीएस. त्यावर ४५० वॅट छापलं असलं तरी तिकडे बघू नका, लेबलवर १२ व्होल्टसमोर किती अँपिअर आहेत ते बघा. १४ अँपिअर असतील तर हाती १६८ वॅटच आले. त्यात ७५ वॅटचं कार्ड आणि ९५ वॅटचा जुना आय५ बसत नाही. सहा पिनची जोडणी नसलेली कार्डं सगळी वीज स्लॉटमधून घेतात आणि स्लॉट ७५ वॅटपर्यंतच देतो, म्हणून जुन्या मशीनला मी अशीच कार्डं सुचवतो. सहा पिन लागतच असेल तर साटाच्या जोडणीवरून ती काढणारा अॅडॅप्टर वापरू नका. साटा जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॅटची असते आणि सहा पिन ७५ मागते. ती वितळते.

नोंदीही वाचा. लिनक्सच्या लॉग्ज अॅपमध्ये मागचं सत्र निवडून 'एक्सआयडी ७९' सापडलं तर कार्ड बसवरून (बोर्डाशी असलेल्या जोडणीवरून) तुटलं आहे: पॉवर, बैठक किंवा उष्णता. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ म्हणजे ड्रायव्हर अडकून सावरला, आणि कर्नल-पॉवर ४१ म्हणजे मशीन अचानक बंद झालं. पण लाईन गेली तरी हीच ४१ ची नोंद पडते, म्हणून वेळ ताडून बघा. रात्री वावरातले पंप सुरू झाल्यावरच बंद पडत असेल तर व्होल्टेज मोजा. साधारण ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटचा असतो आणि बॅटरी जुनी झाली की कार्डाचा भार येताच हात टेकतो.

शेवटची चाचणी सकाळच्या गारव्यात करू नका. मे महिन्यात आमच्याकडे खोलीतच चाळिशी पार होते, आणि पास्कल कार्ड ८३-८४ अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करायला लागतं. आधी पंख्यातलं कुटार आणि धूळ ब्लोअरने काढा, कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर तोंड फिरवा. मग दुपारी दोनला, कॅबिनेटचं झाकण लावून, विंडोजमध्ये फरमार्क आणि मिंटमध्ये जीएलमार्क२ या कार्डावर भार टाकणाऱ्या चाचण्या प्रत्येकी अर्धा तास चालू द्या. दोन्हीकडे पडदा टिकला तरच कार्डवाल्याला उरलेले पैसे द्या.