तिसऱ्या घेताना शिंपली वाजवून बघा

नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या मासळी बाजारात तिसऱ्यांचा, म्हणजे खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्यांचा, वाटा घेताना उघडी दिसणारी शिंपली दुसरीवर टकटक वाजवा. जिवंत असेल तर हळूहळू मिटते, मेलेली तशीच आ वासून राहते. ती नको. घरी आणल्यावर गोड्या पाण्यात बुडवू नका, मरतात बिचाऱ्या. लिटरभर पाण्यात साधारण ३० ग्रॅम मीठ घालून तासभर ठेवा, पोटातली रेती सोडतात. शिजूनही न उघडलेल्या फेकाच.

आणि विकणाऱ्या मावशींना एवढं जरूर विचारा, माल कुठल्या खाडीचा? कारखान्यांच्या सांडपाण्यातलं शिसं, कॅडमियम शिंपल्यांच्या मांसात साठतं आणि कितीही उकळलं तरी जात नाही. नाल्याच्या तोंडाशी काढलेल्या तिसऱ्या स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नका.